गर्दीने नेलेला चष्मा

आधी एक गोष्ट पक्की धरून चला. भूगोलाचे सर चोर नाहीत. आत्ताच सांगून टाकलं, कारण पुढे निम्मी गोष्ट तुम्हाला ते चोर वाटणार आणि मग तुम्ही म्हणणार, आधी का नाही बोललात! आमच्या चष्मेवाल्याला हे वेळेवर कळलं असतं ना, तर त्या बिचाऱ्यांची नोकरी जायची पाळी आलीच नसती. पण त्याला सांगणार कोण? त्याला सगळं माहीतच होतं.

चष्मेवाला म्हणजे तसा तरुण माणूस. पोट नुकतंच दिसायला लागलेलं, बोलणं मात्र पहिल्यापासून वजनदार. दुकान वडिलांनी काढलेलं, आता हा चालवतो. दुकानाला पाटी आहे, पण ती आजवर कोणी वाचलेली नाही, कारण पाटीच्या डोक्यावर एक भला थोरला चष्मा टांगलेला. चांगला माणसाएवढा! ॲल्युमिनियमचे पाइप वाकवून बाबांनी स्वतःच्या हाताने केलेला, काचांच्या जागी निळसर प्लास्टिक. अख्खी गल्ली पत्ता सांगायची ती ह्या चष्म्यावरून. चष्म्याच्या डावीकडे औषधवाला, चष्म्याच्या समोर काकू, चष्म्यापासून दोन वळणं शाळा.

तर फायनल झाली, आपला संघ जिंकला आणि त्या संध्याकाळी सगळं गाव पिवळे शर्ट घालून रस्त्यावर उतरलं. चष्मेवाला उतरला नाही. त्याने दुपारीच शटर ओढलं आणि घरी बसून मॅच बघितली, कारण गर्दीत लोकांचे चष्मे फुटतात आणि फुटल्यावर लोक तिथेच गॅरंटी मागतात, हा त्याचा अनुभव. बाबा तेवढे 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून गेले आणि परत आले ते दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत.

"गर्दीत धक्का लागला," बाबा म्हणाले आणि गुडघ्याला शेक घेत आडवे झाले.

सकाळी हा दुकान उघडायला गेला तर वर नुसते दोन हूक. आणि भिंतीवरच्या धुळीत चष्म्याच्या आकाराचा स्वच्छ, पांढरा डाग. चष्मा गायब!

आता बघा हं त्याच्या जागी उभं राहून. ह्याच गर्दीने काल म्हाताऱ्या बापाचा गुडघा मोडला, वर त्याच बापाच्या हातचा चष्माही पळवला. चष्मेवाल्याचं डोकं असं तापलं की त्याने शटर अर्धं उघडं टाकलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. जाता जाता बायकोला फोन केला, "बाबांना एक अक्षर कळता कामा नये. आधीच पडून आहेत, त्यात हे ऐकलं तर खचतील."

ठाण्यात साहेब चहा पीत होते.

"काय गेलं?"

"चष्मा."

"किती नंबरचा?"

"नंबर नाही त्याला."

"बिननंबरचा. म्हणजे उन्हाचा?"

"नाही साहेब, दुकानाचा. माझ्याएवढा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ह्याला वरपासून खालपर्यंत मापलं. "घालतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग त्याच्यावाचून तुमचं अडलंय काय?"

ह्यावर आपला अपमान झाला की नाही, हे ठरवेपर्यंत साहेब पुढच्या प्रश्नावर गेले. संशय कोणावर? चष्मेवाला म्हणाला, गर्दीवर. साहेब म्हणाले, गर्दीवर संशय घेता येत नाही. गर्दीला घर नाही, वडिलांचं नाव नाही, समन्स पाठवायचं कुठे? "एक नाव आणा. एकच. बाकीचं आम्ही बघतो."

झालं! चष्मेवाला बाहेर आला तो हे एकच वाक्य डोक्यात घेऊन. एक नाव.

नाव कसं काढायचं ही अक्कल दिली औषधवाल्याने. औषधवाला म्हणजे गल्लीतला सल्ल्याचा कारखाना. खोकल्याचं औषध मागायला जा, तो तुम्हाला पोरीच्या लग्नापासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळ्यावर सांगून सोडेल. तो म्हणाला, "शेठ, डोकं लावा की जरा! काल प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. हात वर करकरून शूटिंग चाललं होतं. गल्लीत शेकड्यांनी कॅमेरे लागलेले होते, तेही फुकटात! फक्त गोळा करायचे."

संध्याकाळपर्यंत ग्रुप तयार. नाव 'चष्मा शोधा'. आणि दुकानाच्या काचेवर कागद लागला: फायनलच्या संध्याकाळचे फोटो पाठवा, चोर ओळखणाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी मोफत.

बायकोने तो वाचला. "तपासणी आपल्याकडे कायमच मोफत असते ना रे?"

"ते लोकांना कुठे माहितीये?"

"त्याच काचेवर खाली लिहिलंय."

पण लोकांना बक्षिसाशी मतलबच नव्हता हो! चोर पकडायला मिळतोय म्हटल्यावर अख्खी गल्ली कामाला लागली. फोटोंचा नुसता पाऊस. अडचण एकच. लोकांनी गर्दीचे फोटो काढलेच नव्हते, स्वतःचे काढले होते. एकेका फोटोत हे एवढं थोबाड, दात बाहेर, आणि गुन्हा जो काही घडत असेल तो कानामागे, कोपऱ्यात, अंधुक. एका काकांनी तर आपल्या पाठीवरच्या पुरळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'डॉक्टरसाहेब, कालपेक्षा लाल दिसतंय का?' तो काढून टाकायच्या आत तिघांनी मलम सुचवलं आणि औषधवाल्याने लिहिलं, 'माझ्याकडे मिळेल.'

निवृत्त हेडमास्तर ग्रुपवर आले आणि त्यांनी प्रत्येक फोटोला शेरे द्यायला सुरुवात केली. 'प्रयत्न चांगला. हात थरथरणे टाळावे.' 'विषय सोडून आहे.' आणि ह्याच फोटोंत भलतीच पापं उघडी पडायला लागली. त्या दिवशी तापाने फणफणलोय म्हणून सुट्टी काढलेला गल्लीतला एक बँकेतला जावई एका फोटोत शर्ट डोक्यावर फिरवत नाचताना दिसला. त्याचा मॅनेजरही ग्रुपवर होता. सिगरेट सोडल्याची मुलांची शपथ घेतलेले एक गृहस्थ धुरात दिसले. त्यांच्या बायकोने खाली फक्त अंगठा टाकला. त्या अंगठ्याने ते दोन दिवस घरी जेवले नाहीत म्हणतात.

आणि मग तो फोटो आला.

दुकानाची भिंत, गर्दी, आणि अगदी पुढे एक माणूस दोन्ही हात वर करून चष्म्याला भिडलेला. पिवळा शर्ट, पिवळी टोपी, गालाला पिवळा रंग फासलेला, त्यात अर्धा चेहरा स्वतःच्याच दंडाआड. दिसत होता फक्त नाकावरचा चष्मा.

आता इथे चष्मेवाल्याच्या धंद्याची एक गंमत सांगायला हवी. ह्या माणसाला चेहरे लक्षात राहतच नाहीत. फ्रेम राहते! समोरून कोण येतंय हे तो फ्रेमवरून ओळखतो. एकदा सख्खी मेहुणी चष्मा न लावता दुकानात आली तर हा तिला म्हणाला, "बसा, नंबर काढायचाय का?" मेहुणी वर्षभर बोलत नव्हती. पण फ्रेमच्या बाबतीत मात्र गडी पक्का. त्याने तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि त्याचे डोळे चमकले.

"तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची. आपल्याच दुकानातली आहे ही! आणि उजव्या दांडीचा स्क्रू बघ. सोनेरी! हा स्क्रू मी लावलाय. ह्या हातांनी."

"कोणाला?" बायकोने विचारलं.

"भूगोलाच्या सरांना! त्यांचा स्क्रू वर्गात पडला होता. सगळी पोरं बाकांखाली घुसून शोधत होती म्हणे. दोनदा आले होते, मला चांगलं आठवतंय."

"अरे, ते सर? भिंतीला चिकटून चालतात ते? ते माणसं बघून रस्ता बदलतात, ते गर्दीत नाचतील?"

"अगं, शांत माणसंच अशी असतात."

"ग्रुपवर टाकू नकोस नाव. आधी त्यांना विचार तरी."

"विचारल्यावर चोर हो म्हणतो का?"

आणि टाकलं त्याने. फोटो, स्क्रूभोवती लाल गोल, आणि खाली: 'तज्ज्ञ म्हणून खात्रीने सांगतो.' ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. हेडमास्तरांनी लिहिलं, 'उत्कृष्ट.'

शाळा दोन वळणांवर. फोटो तिथे चालत गेला असता तरी दुपारपर्यंत पोचला असता, आणि तो तर उडत गेला. पालक गेटवर जमले. आमच्या पोरांना चोर शिकवणार का? सरांची नोकरी कच्ची. ह्या वर्षअखेर पक्की व्हायची होती. बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितलं, समिती बसेपर्यंत वर्गावर जाऊ नका. मग सरांना बसवलं नकाशांच्या खोलीत. दिवसभर एकटे, गुंडाळलेल्या जगात. समितीने हो म्हटलं की सर घरी, आणि चोर म्हणून घरी पाठवलेल्या मास्तराला दुसरी शाळा घेते का सांगा!

दुसऱ्या दिवशी सर स्वतः दुकानात आले. तोच तपकिरी चष्मा नाकावर. दारात उभे.

"नमस्कार. मला जरा... त्या फोटोबद्दल..."

"बसा सर," चष्मेवाला एकदम मोठ्या मनाचा झाला. "मी समजू शकतो. आनंदाच्या भरात माणसाच्या हातून होतं. चष्मा आणून द्या, मी शाळेत चांगला शब्द टाकीन."

"पण मी तर..."

"सर, मी फ्रेम ओळखली आहे. ह्या धंद्यात दुसरी पिढी आहे माझी!"

सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात दाराआडून औषधवाल्याने त्यांचा फोटो काढलासुद्धा आणि ग्रुपवर टाकला. 'संशयित घटनास्थळी परतला.' सर वळले आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेले.

ते गेल्यावर चष्मेवाल्याला जरा कसंतरी झालं, असं तो नंतर सांगायचा. पण तेव्हा तो म्हणाला, "बघितलंस? एक शब्द बोलता आला नाही."

बायको म्हणाली, "तू बोलू दिलंस कुठे?"

आता बायकोची गंमत ऐका. तिला चैन पडेना. ती एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर नमुने तपासायचे आणि ह्या बाटलीचं त्या बाटलीत जाऊ द्यायचं नाही, असली सवय. समितीच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली, ग्रुपवरचे सगळे फोटो छापून घेतलेले. चष्मेवाला उद्याच्या भाषणाची तयारी करत होता. समितीने त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं ना! 'आदरणीय समिती सदस्य', हे वाक्य तो तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होता.

"अरे, इकडे ये. काकू बघ."

समोरच्या काकू बऱ्याच फोटोंत होत्या. पिवळी ओढणी, आणि हातात आईस्क्रीमचा कोन.

"त्यांना गोड बंद आहे," चष्मेवाला म्हणाला. "कोणाचा तरी धरला असेल."

"तसंच म्हणाल्या त्या. फोन केला होता मी. म्हटलं, मग प्रत्येक फोटोत कमी कसा होतोय? तर म्हणाल्या, वितळतोय."

"मग?"

"मग काय! वितळू दे नाहीतर खाऊ दे, कमी तर होतोय. घड्याळच आहे ते! आईस्क्रीम सगळ्यात जास्त तो फोटो पहिला, नुसता कागद राहिलाय तो शेवटचा. मी तसे लावलेत."

चष्मेवाला वाकून बघायला लागला. सगळ्यात शेवटच्या फोटोत काकूंच्या हातात नुसता कागद, आणि मागे चौकात पोलिसांची गाडी. गाडीत दोन पोलीस काहीतरी चढवताहेत. मोठं. गोल. दोन गोल.

"हा तर आपला...!"

"थांब, उलटा जा."

त्याच्या आधीच्या फोटोत चष्मा डोक्यांवरून चाललेला, आणि पुढची दांडी खांद्यावर घेतलेला माणूस कोण? औषधवाला! त्याच्या आधीच्या फोटोत दांडीला हेडमास्तर, मागे तो तापाने फणफणलेला जावई. त्याच्या आधी खुद्द काकू, एका हातात कोन, दुसरा हात चष्म्याच्या काचेखाली. प्रत्येक फोटोत नवे हात. कोणीच पूर्ण वाट नेला नव्हता. प्रत्येकाने चार पावलं नेला, पुढच्याच्या हातात दिला आणि तो कुठे चाललाय हे पुढच्याला माहीत असेल असं समजून नाचायला लागला. ज्यांनी गेले कित्येक दिवस ग्रुपवर 'चोराला सोडू नका' लिहिलं, तेच सगळे.

"बरं, पण काढला तर सरांनीच ना! तो फोटो पहिला आहे," चष्मेवाला म्हणाला. आवाजात अजून दम होता.

"नाही. हा पहिला." बायकोने एक फोटो पुढे सरकवला. भरलेलं आईस्क्रीम, त्याच्या टोकाला अजून चेरी. मागे तीच भिंत, तोच माणूस, पण दुसऱ्या बाजूने, आणि हात अजून खाली. पिवळी टोपी, गालाला रंग, नाकावर तपकिरी फ्रेम, आणि तोंडभर असं हसू की चष्मेवाल्याने ते ह्या चेहऱ्यावर उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणूनच त्याला ओळखायला वेळ लागला.

"बाबा?"

बाबा आतल्या खोलीत उशीवर पाय टाकून पेपर वाचत होते.

"बाबा, फायनलच्या दिवशी दुकानावरचा चष्मा कोणी काढला?"

"मी काढला. दुसऱ्या कोणाला येतो तो काढता? उजवा हूक आधी वर उचलायचा, मग डावीकडे सरकवायचं. बाळ्या, तुलासुद्धा यायचं नाही." बाबांनी पेपर खाली ठेवला. "पोरं म्हणाली, आजोबा, संघाचा विजय सगळ्यांना मोठा दिसला पाहिजे. मला पटलं! नाचलो काय! पण चौकाच्या आधीच गुडघा गेला ना. पोरांना सांगितलं, जागेवर लावून या. लावला ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"लावला ना रे?"

"तुम्ही तर म्हणालात, धक्का लागला!"

"डॉक्टरने नाचायची मनाई केली होती. तू ओरडला असतास. आणि चष्मा गेलाय हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

म्हणजे बघा, घरात सगळे एकमेकांची इतकी काळजी घेत होते की त्या काळजीत एका परक्या माणसाची नोकरी चालली होती.

"पण मग सरांची फ्रेम बाबांकडे कशी?" चष्मेवाल्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. ती फ्रेम त्याला एकगठ्ठा स्वस्तात मिळाली होती, खोकंच्या खोकं. अख्ख्या खोक्यातल्या चष्म्यांचे उजवे स्क्रू ढिले होते. आणि त्याने बसून, ह्या हातांनी, सगळ्यांना सोनेरी स्क्रू लावले होते, बाबांच्या चष्म्यालाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "उद्या मी समितीला एक पत्र पाठवतो. काही तांत्रिक कारणाने ओळख पटवण्यात..."

"फोटो गल्लीभर पाठवलास ना?" बायको म्हणाली. "मग तोंडही गल्लीभर दाखव."

शाळेच्या सभागृहात समिती बसलेली. बाई मधे, दोन्हीकडे पालक, मागे अर्धी गल्ली. औषधवाला पहिल्या रांगेत, मोबाइल तयार ठेवून. सर एका बाजूच्या खुर्चीवर, गुडघे जुळवून. चष्मेवाला उठला, घसा साफ केला आणि सवयीने म्हणाला, "आदरणीय समिती सदस्य."

आणि मग त्याने सदस्यांकडे नीट बघितलं. बाईंच्या नाकावर तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची. शेजारच्या पालकांच्या नाकावर तीच. पलीकडे तीच. मागे हेडमास्तर, तीच. सगळ्यांच्या उजव्या कानाशी सोनेरी ठिपका चमकतोय. जणू चोरांची टोळीच समिती म्हणून बसली आहे! भाषणातलं पुढचं सगळं तो विसरला.

"जरा सगळ्यांनी चष्मा काढून बघता का? उजवा स्क्रू कोणता आहे?"

लोकांनी काढले. फिरवून बघितले. एकमेकांचे बघितले. सभागृहात कुजबुज वाढत गेली आणि मग एकदम थांबली.

"माझा सोनेरी आहे," बाई म्हणाल्या. "ह्याचा अर्थ काय घ्यायचा मी?"

"अर्थ असा की मी जे तज्ज्ञ म्हणून सांगितलं, त्याला काही अर्थ नाही. चष्मा सरांनी काढला नाही. फोटोतला माणूस म्हणजे माझे वडील. आमचाच चष्मा, आमच्याच बाबांनी काढला."

"पण तुम्ही तर खात्रीने म्हणालात, स्क्रू ओळखला म्हणून!" एक पालक ओरडले.

"स्क्रू बरोबर ओळखला. माणूस चुकला."

मागे कोणीतरी हसलं. चष्मेवाल्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. बायकोने आणलेले फोटो त्याने आईस्क्रीमच्या क्रमाने टेबलावर मांडले आणि म्हणाला, "आणि ज्यांना अजून चोर हवाच असेल त्यांनी इथे येऊन आपापला फोटो शोधावा. मला एक नाव आणायला सांगितलं होतं. इथे तर सगळ्या गल्लीचीच नावं आहेत."

कोणी उठेना. काकूंनी पदराने तोंड पुसलं, उगाचच. आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. ग्रुपवर संदेश आला होता: औषधवाला ग्रुपमधून बाहेर पडला.

बाई सरांकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "सर, तुम्ही आधीच का नाही बोललात?"

सर उभे राहिले. हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "मी त्या संध्याकाळी तिथे होतो की नाही, हे मला कोणी विचारलंच नाही. मी घरी होतो. मला गर्दी सोसत नाही."

एवढंच. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून तुमचा वर्ग तुमचा, आणि वर्षअखेरची वाट न बघता नोकरीही पक्की. पालकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते हात तसेच मांडीवर ठेवले गेले.

ठाण्यातून चष्मा आणायला बाबा स्वतः आले, काठी टेकत. चष्मा तिथेच होता, मागच्या अंगणात, आणि त्याच्या दोन्ही दांड्यांवर पोलिसांचे शर्ट वाळत घातलेले.

"अहो साहेब, हा तर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे होता!" चष्मेवाला किंचाळला.

"होता ना."

"आणि मी तक्रार द्यायला आलो तेव्हा?"

"तुम्ही चोरीची तक्रार दिलीत. हा सापडलेला आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "सापडलेल्याचा विभाग मागच्या दाराला. तुम्ही पुढच्या दाराने आलात."

बाबांनी शर्ट उचलून नीट घड्या केल्या आणि साहेबांच्या हातात ठेवले. गल्लीत चष्मा परत चढवायला हवे तेवढे हात आले. फक्त ह्या वेळी फोटो कोणी काढला नाही.

आठवड्याने सर दुकानात आले. चष्मेवाला उभा राहिला, बसा म्हणाला, मग आपणच बसला, मग परत उभा राहिला. सरांनी तपकिरी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"हा परत घ्या. दुसरी फ्रेम द्या."

"कशी हवी सर?"

"कशीही. फक्त दुसऱ्या कोणाच्या नाकावर नसेल अशी."

चष्मेवाल्याने सगळे खण उपसले. अगदी तळाशी एक हिरवीगार, जाड, जरा चौकोनी फ्रेम निघाली. चुकून आलेली, एकुलती एक, कोणी हातही लावत नव्हतं. सरांनी ती लावून आरशात बघितलं. "कशी दिसते?"

गिऱ्हाइकाला 'अगदी उठून दिसते' म्हणायचं हे ह्याच्या अंगवळणी पडलेलं. पण ह्या वेळी तो म्हणाला, "काढा जरा." आणि फ्रेमशिवायचा सरांचा चेहरा बघत राहिला. डाव्या भुवईत एक जुनी खोक. एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर. डोळ्यांखाली ह्या दिवसांत आलेली काळपट झाक. सर अवघडले.

"काय बघताय?"

"काही नाही सर. लावा. बरी दिसते."

सर गेले. दुसऱ्या दिवशी हिरव्या चष्म्याचे सर शाळेत गेले आणि पोरांनी त्या चष्म्याचं इतकं कौतुक केलं की संध्याकाळी औषधवाला आला, खाली मान घालून, समितीनंतर पहिल्यांदाच.

"शेठ, झालं गेलं सोडून द्या. ती सरांसारखी हिरवी द्या ना एक. गल्लीत सगळे विचारताहेत. एकदम खोकंच मागवा! चालेल बघा तुफान!"

चष्मेवाल्याने त्याच्याकडे बघितलं. फ्रेमकडे नाही, चेहऱ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं.

"ती फ्रेम आता येत नाही," तो म्हणाला.